जुन्या क्लॅरिओनेटचे मोल

नामपल्ली परिसरातील जुनी घरे आता एकामागून एक रिकामी होत आहेत. १९०७ साली उभे राहिलेले रेल्वे स्थानक, बागे-आम, दर वर्षी जानेवारीत भरणाऱ्या नुमाइशचे मैदान या खुणा जागच्या जागी आहेत. परंतु त्यांच्या आसपासच्या कौलारू घरांची जागा बहुमजली इमारतींनी घेतली आहे. घर रिकामे करायचे म्हटले की प्रथम माळा रिकामा करावा लागतो. पितळी हंडे, फिरकीचे तांबे, भाता फाटलेली पेटी यांच्याबरोबर क्वचित एखादी काळी, लांबट पेटीही खाली येते. आत झिजलेली मखमल आणि तिच्या खाचांत पाच तुकडे करून ठेवलेले काळे वाद्य असते. लग्नाच्या बँडमध्ये सर्वांच्या पुढे राहून मुख्य चाल वाजवणारे, मराठी माणसाला 'क्लॅरिओनेट' म्हणून परिचित असलेले ते हेच वाद्य. ते पाहताच घरातील कोणीतरी विचारतो, "याचे किती येतील?"

प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. समजा, वडील उमेदीच्या काळात बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत असत आणि त्यांच्या पश्चात तिघा भावंडांत वाटणी व्हायची आहे. थोरल्याला वडिलांची आठवण म्हणून वाद्य हवे आहे. धाकट्या बहिणीचे म्हणणे असे, की विकून तिघांनी रक्कम वाटून घ्यावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मधल्याला वाटते, की आपला मुलगा शाळेच्या वाद्यवृंदात शिकतो आहे, तेव्हा वाद्य तिकडे न्यावे. जुमेरात बाजारातला जुन्या वस्तूंचा व्यापारी मात्र ते तागडीत घालून भाव सांगतो. हे चौघेही एकाच वस्तूकडे पाहत असले, तरी प्रत्येकाच्या मनातील मोल निराळे आहे. एक स्मृतीचे, दुसरे बाजाराचे, तिसरे वादनाचे आणि चौथे केवळ धातूचे. ही चार मोले एकमेकांत मिसळली की घरात वाद होतात. ती वेगळी करून मोजली, तर बहुतेक वाद आपोआप मिटतात.

जुने म्हणजे मौल्यवान का?

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. व्हायोलिनच्या बाबतीत 'जुने ते सोने' ही म्हण बऱ्याच अंशी खरी ठरते. स्ट्राडिव्हारीने १७२१ साली घडवलेले 'लेडी ब्लंट' हे व्हायोलिन २०११ साली जपानमधील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात निघाले आणि सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरना विकले गेले. क्लॅरिओनेटचे तसे नाही. वादकाचा उष्ण, दमट श्वास रोज त्याच्या पोकळीतून जातो; लाकूड फुगते, वाळते आणि वर्षानुवर्षांत पोकळीचा आकार सूक्ष्मपणे बदलतो. चाव्यांचे सांधे झिजतात. शिवाय वाद्याची रचनाच सतत सुधारत गेली. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७०० च्या सुमारास हे वाद्य सिद्ध केले तेव्हा त्याला दोनच चाव्या होत्या. इव्हान म्यूलरने १८१२ च्या सुमारास तेरा चाव्यांचे वाद्य पुढे आणले. पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक आणि बुफे हा कारागीर या दोघांनी १८३९ साली नवी रचना मांडली. थिओबाल्ड बोम या बासरीकाराच्या कल्पनेवर आधारलेली म्हणून ती 'बोम पद्धती' या नावाने ओळखली जाते. सतरा चाव्या आणि सहा कड्या असलेली हीच रचना आज जगात बहुतेक ठिकाणी शिकवली जाते. म्हणजे शंभर वर्षांचे क्लॅरिओनेट हे पुष्कळदा जुन्या पद्धतीचे, थकलेले वाद्य असते. केवळ वय पाहून त्याची किंमत करणे हे केवळ वय पाहून रुग्णाचे निदान करण्यासारखेच होय.

प्रश्न

आयुर्वेदाने रोगी पाहण्यासाठी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा सांगितली आहे. वाद्याची परीक्षाही याच तीन पायऱ्यांनी करता येते. मात्र येथे प्रश्नाने आरंभ करावा, कारण उत्तरे देणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत जातात.

वाद्य घरात आले कोठून? आपल्या शहरात त्याच्या काही वाटा संभवतात. १८०६ साली वसलेल्या सिकंदराबादच्या छावणीतील पलटणींजवळ बँड असत. निजामाच्या फौजेचे बँडही होते; सप्टेंबर १९४८ नंतर त्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपले. पुढे लग्नाच्या वरातीचे बँड आले. १९५६ पर्यंत मराठवाडा याच राज्यात असल्यामुळे एखादे वाद्य औरंगाबाद किंवा जालन्याच्या छावणीतून कुटुंबाबरोबर येथवर आलेले असणेही शक्य आहे. यांपैकी कोणती वाट खरी, हे वाद्यावरील खुणांशी ताडून पाहावे. पलटणीचे नाव कोरलेले असेल किंवा ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण असेल, तर कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीला आधार मिळतो. खूण आणि गोष्ट जुळत नसतील, तर दोन्ही जशा आहेत तशा नोंदवाव्यात. जुळवून घेण्याचा मोह टाळावा.

दर्शन

आता वाद्य उजेडात धरावे. मुखनळी, बॅरल, वरचा भाग, खालचा भाग आणि तळाचा कर्णा असे त्याचे पाच तुकडे. वरच्या आणि खालच्या भागांवर बहुधा अनुक्रमांक असतो. दोन्हीकडे तो एकच असेल तर वाद्य अखंड मानावे. निराळा असेल तर दोन वाद्यांचा संसार एकत्र मांडलेला आहे असे समजावे आणि त्या मानाने किंमत कमी धरावी. मुखनळी आणि बॅरल मात्र वादक वेळोवेळी बदलतात, तेव्हा ती मूळची नसली तरी फारसे बिघडत नाही.

मग कारखान्याची मोहोर पाहावी. ती पुष्कळ काही सांगते. उदाहरणार्थ, लंडनच्या बूझी अँड कंपनी आणि हॉक्स अँड सन या दोन स्वतंत्र पेढ्या १९३० साली एकत्र आल्या. मोहोर 'बूझी अँड हॉक्स' अशी जोडनावाची असेल तर वाद्य १९३० नंतरचे. एकट्या हॉक्सची किंवा एकट्या बूझीची असेल तर बहुधा त्यापूर्वीचे. या पेढीचा जुना वाद्यसंग्रह लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २००४ साली मिळवला असून तेथे तिच्या जुन्या उत्पादन-नोंदवह्याही जतन केल्या आहेत. पॅरिसच्या बुफे-क्राँपाँ आणि सेल्मर या पेढ्यांच्या वाद्यांचे साल अनुक्रमांकावरून बऱ्यापैकी ठरवता येते. बुफेचा 'आर-१३' हा १९५५ च्या सुमारास आलेला नमुना आजही व्यावसायिक वादकांचा मानदंड मानला जातो आणि नवा घ्यायचा तर काही लाख रुपये मोजावे लागतात. माळ्यावरच्या पेटीत असा जुना आर-१३ निघाला तर ते खरोखर घबाड समजावे. परंतु अनेक वाद्यांवर कारखान्याचे नाव नसून केवळ विक्रेत्याचे नाव असते. कोठेतरी घाऊक घडवून घ्यायचे आणि आपल्या दुकानाची मोहोर उठवायची, अशी ही जुनी रीत. आपल्या देशात मेरठ हे बँडच्या वाद्यांचे मोठे केंद्र. तेथे तयार झालेली हजारो क्लॅरिओनेटे देशभरच्या बँडमध्ये वाजली. त्यांनी कितीतरी कुटुंबांचे पोट भरले. बाजारात मात्र त्यांना संग्राहकाचा भाव मिळत नाही.

नंतर द्रव्य ओळखावे. उत्तम क्लॅरिओनेट आफ्रिकेतील ग्रेनेडिला नावाच्या काळ्या लाकडाचे असते. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातील. पुष्कळ लष्करी वाद्ये एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. उष्ण हवेत ते लाकडासारखे तडकत नाही. जुने एबोनाइट उजेडाने हिरवट-तपकिरी पडते आणि अंगठ्याने जोरात चोळले की गंधकाचा वास येतो. चाव्या चमकतात म्हणून त्या चांदीच्या, असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा ते जर्मन सिल्व्हर असते. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या या मिश्रधातूत नावापुरतीही चांदी नसते. व्यापाऱ्याने तागडीत जोखलेले मोल ते हेच, आणि चारही मोलांत सर्वांत हलके हेच.

स्पर्शन

येथे डॉक्टर वाचकांना विशेष सावध करावेसे वाटते. जुने वाद्य हाती आले की पहिली ऊर्मी होते ती फुंकून पाहण्याची. ती आवरावी. एका बॅगपाइप वादकाची हकीकत 'थोरॅक्स' या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झाली होती. दीर्घकाळ खोकला आणि धाप लागणारा हा रुग्ण तीन महिने ऑस्ट्रेलियात राहिला तेव्हा त्याला बरे वाटले, कारण वाद्य बरोबर नव्हते. पुढे त्याच्या वाद्यात अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा हा फुप्फुसदाह अखेर त्याच्या मृत्यूस कारण झाला. वर्षानुवर्षे बंद पेटीत, पावसाळ्याची ओल खात पडलेल्या क्लॅरिओनेटची मुखनळी आणि पॅड निर्जंतुक असतील असे मानायला काहीच आधार नाही. दुसरे कारण वाद्याच्या हिताचे. कोरडे पडलेले लाकूड आतून अचानक उष्ण व दमट झाले की ते आतल्या बाजूने फुगते आणि बाहेरून तडकते. दहा मिनिटांच्या हौसेने शंभर वर्षे टिकलेले वाद्य निकामी होऊ शकते.

तेव्हा हाताने तपासावे. वरच्या भागावर, विशेषतः छिद्रांच्या कडांपाशी, बारीक उभी चीर आहे का ते भिंगातून पाहावे. चीर बुजवलेली असेल तर ती कशी बुजवली आहे तेही पाहावे. नीट सांधलेली चीर क्षम्य असते, छिद्रातून आरपार गेलेली चीर गंभीर असते. चावी आणि छिद्र यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी धरून, चावी मिटून ती हलके ओढावी. पट्टी सहज निसटली तर पॅड हवा धरत नाही. पॅडमधील लोकर कसरीने खाल्लेली असणे ही सामान्य गोष्ट. पॅड, कॉर्क आणि स्प्रिंगा बदलता येतात. वाकलेली चावी सरळ होते, मोडलेली चावी मात्र पुन्हा घडवावी लागते. पोकळी वाकडी झाली असेल तर इलाज जवळजवळ नाही. घरातले खोबरेल लावणे, पॉलिश मारणे, चाव्या घासून चकाकवणे हे सर्व निषिद्ध, कारण त्यात मोहोर आणि अनुक्रमांक पुसट होतात आणि ओळख पटवणारा पुरावाच नाहीसा होतो.

सूर कोणता?

दिसायला निर्दोष असलेले वाद्यही एका कारणाने वादनाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरू शकते, आणि ते कारण सामान्य माणसाच्या ध्यानात येत नाही. आजचे वाद्यवृंद मध्यवर्ती 'ए' स्वरासाठी सेकंदाला ४४० कंपने प्रमाण मानतात. ब्रिटिश लष्करी बँड मात्र १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ४५२ कंपनांच्या चढ्या सुरात वाजत. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर, त्याच्या जवळजवळ निम्मा हा फरक. एवढा फरक कोणताही कान सहन करीत नाही. बॅरल थोडे ओढून सूर उतरवता येतो, परंतु मग स्वरांची परस्पर अंतरे बिघडतात. चढ्या सुराच्या वाद्यांवर कधी 'एचपी' आणि उतऱ्या सुराच्या वाद्यांवर 'एलपी' अशी अक्षरे उठवलेली असतात. 'एलपी' अक्षरे पाहून काहीजण ग्रामोफोनच्या तबकड्यांशी त्यांचा संबंध जोडतात. वस्तुतः ती वाद्याच्या वादनमूल्याची खूण आहे.

वाद्याची पट्टीही पाहावी. सर्वसाधारण क्लॅरिओनेट आपल्या भाषेत काळी पाचचे असते. त्याहून किंचित लांब ते पांढरी सहाचे, लहान आणि तीव्र आवाजाचे ते काळी दोनचे. शिकणाऱ्याला काळी पाचचेच लागते. जुन्या, कमी कड्यांच्या पद्धतीचे वाद्य पाश्चात्त्य शाळेत चालत नाही. परंतु आपल्या संगीतात त्याची उपेक्षा करू नये. उघड्या छिद्रांवरून बोट सरकवून मींड घेणे त्यावर सुकर जाते. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतात या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकेकाळी हैदराबाद संस्थानात असलेल्या रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी त्यावर हिंदुस्थानी राग वाजवले. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या आणि पुण्याच्या गणेश विसर्जनात प्रभात बँडच्या बंडोपंत सोलापूरकरांचे क्लॅरिओनेट ऐकण्यासाठी लोक थांबत. या परंपरेतील वादकाला जे वाद्य अमूल्य, ते परदेशी विद्यार्थ्याला निरुपयोगी असू शकते. वादनाचे मोल हे वाद्याइतकेच वादकावरही अवलंबून असते.

हिशेब

आता बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. त्याच बनावटीचे, त्याच काळातील, दुरुस्त करून वाजते केलेले वाद्य प्रत्यक्षात किती रुपयांना विकले गेले, हा पहिला आकडा. मागितलेली किंमत धरू नये, मिळालेली धरावी. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि नंतर विक्रेत्याचा वाटा. केवळ गणिताच्या सोयीसाठी असे धरू, की दुरुस्त वाद्य ३०,००० रुपयांना जाते, दुरुस्तीला १२,००० लागतात आणि विक्रेता चौथाई, म्हणजे ७,५०० घेतो. उरले १०,५००. हीच आजच्या स्थितीतील वाजवी किंमत, आणि तिच्या तिसऱ्या हिश्शावरच वाटणीची चर्चा व्हावी. दुरुस्त वाद्य १५,००० रुपयांनाच जाणार असेल, तर त्याच हिशेबाने शिल्लक शून्याखाली जाते. चढ्या सुराच्या, जुन्या पद्धतीच्या बहुसंख्य वाद्यांची स्थिती अशीच असते. तसे असेल तर ते स्पष्टपणे सांगावे. आपल्या व्यवसायात अप्रिय निदान सांगण्याची वेळ वारंवार येते. ते सौम्य शब्दांत सांगावे, पण खोटी आशा दाखवू नये, हा नियम येथेही लागू पडतो.

मधल्या भावाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वाद्य त्या वयाच्या आसपासचे वाटत असेल, तर ते पुरावशेष नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. जुन्या वाद्यावर हस्तिदंताच्या कड्या असतील तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न निराळाच. शिवाय मुलाला शिकण्यासाठी हवे असेल, तर तिकडे मिळणारे साधे, नवे, बोम पद्धतीचे वाद्यच त्याच्या बोटांना आणि फुप्फुसांना अधिक हितकर.

कागदाचे मोल

राहिले स्मृतीचे मोल. ते बाजारात मोजता येत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र ते लाकडात नसून माहितीत असते. मोझार्टने १७९१ साली आपला प्रसिद्ध क्लॅरिओनेट कॉन्चेर्टो आंटोन श्टाडलर या मित्रासाठी रचला. श्टाडलरचे खास वाद्य पुढे नाहीसे झाले आणि ते नेमके कसे दिसत असे, हे जवळजवळ दोनशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. १९९० च्या दशकात रिगा शहरातील १७९४ सालच्या मैफलींची कार्यक्रमपत्रिका एका अभ्यासिकेला सापडली. तिच्यावर त्या वाद्याचे चित्र होते. त्या एका छापील कागदाच्या आधारे कारागिरांनी वाद्य पुन्हा घडवले. वाद्य गेले होते, कागदाने ते परत आणले.

आपल्या माळ्यावरील पेटीतही असे कागद असतात. बँडच्या गणवेशातील छायाचित्र, लग्नाच्या सुपारीची पावती, स्वरलिपीची वही, नेमणुकीचे पत्र. वाद्य वडिलांचे असेल तर ते कोणत्या बँडमध्ये, कोणत्या साली, कोणत्या चाली वाजवत, हे आजही एखाद्या वृद्ध आत्याला किंवा शेजाऱ्याला आठवत असेल. ही माहिती जोडलेली असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या, वाद्यांचा मोठा संग्रह असलेल्या संस्थेलाही ती वस्तू अभ्यासण्याजोगी वाटू शकेल. माहिती नसेल तर ते असंख्य काळ्या नळ्यांपैकी एक ठरेल. अनुक्रमांक झिजला तरी भिंगाने वाचता येतो, तुटलेली चावी घडवून घेता येते; पण सांगणारे माणूस गेले की त्याची भरपाई कोणताही कारागीर करू शकत नाही.

म्हणून वाटणी, विक्री किंवा दान यांपैकी काहीही ठरो, त्याआधी एक काम करावे. वाद्याच्या प्रत्येक मोहोरेची आणि अनुक्रमांकाची छायाचित्रे घ्यावीत. ज्येष्ठांना विचारून एक पानभर हकीकत तारीख घालून लिहावी, सांगणाऱ्याचे नाव नोंदवावे आणि खात्रीचे काय व ऐकीव काय हे वेगळे दाखवावे. त्या पानाच्या प्रती तिघा भावंडांनी ठेवाव्यात आणि एक प्रत पेटीच्या मखमलीखाली ठेवावी. वाद्य मग थोरल्याकडे राहो, होतकरू वादकाकडे जावो की संग्रहालयात. वडिलांच्या सुरांची हकीकत त्याच्याबरोबर जाईल. या कामाला खर्च जवळजवळ काहीच नाही. वेळ मात्र फार उरलेला नाही.